बंद दिव्याची मिणमिण

वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या माणसाला बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. मी सांगतो आहे ती वांगणी वेगळी. ही जव्हारच्या डोंगरातली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. शेजारच्या वावरबरोबर तिचं नाव जोडीनं घेतात, वावर-वांगणी. १९९२-९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या तेव्हा हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं आणि दुर्दैवानं बहुतेकांना ते तेवढ्यापुरतंच ठाऊक राहिलं. आज मी तिथल्या एका दिव्याबद्दल बोलणार आहे. बटण बंद केलं तरी तो विझत नव्हता.

पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. ओळखीच्या एका कुटुंबाकडे माझा मुक्काम होता. घर अर्धं विटांचं, अर्धं कुडाचं. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमाती लिंपलेली भिंत. घरातला नातू वसईकडे कामाला होता, तो सुट्टीवर आला होता. येताना त्यानं एलईडीचे चार बल्ब आणले आणि जुने पिवळे बल्ब काढून ते लावले. उजेड लख्ख पडला. सगळे खूश. रात्री जेवणं झाली, बटण बंद केलं आणि अंधारात दाराजवळचा दिवा काजव्यासारखा मिणमिणत राहिला. आजी म्हणाली, "याला रात्रीसुद्धा झोप नाही."

नातवाला वाटलं बल्बच खराब निघाला. त्यानं आतल्या खोलीतला बल्ब इकडे लावून पाहिला, तोही मिणमिणला. मग त्यानं निदान केलं की होल्डर गेला. सकाळी उठून बटण बंद केलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दाराच्या मेढीवर ठोकलेला होल्डर उघडायला गेला. पाय अनवाणी, जमीन ओली. एकदम ओरडून मागे फेकला गेला. हात झटकन सुटला म्हणून वाचला. भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक, आणि पुनःपुन्हा एकच म्हणत होता, "काका, बटण तर बंद होतं!"

बटण बंद होतं हे खरंच होतं. मग झटका कुठून आला? दिवा कशावर मिणमिणत होता? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते नीट समजून घ्यायचं तर आपल्या घरात वीज कशी आली हे थोडं पाहावं लागतं.

आधी अगदी प्राथमिक गोष्ट. दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेज, म्हणजे जिच्यात जोर असतो ती. दुसरी न्यूट्रल, जी डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते. फेजची तार आधी बटणात जाते आणि बटणातून निघून दिव्याकडे जाते. बटणापासून दिव्यापर्यंतच्या या तुकड्याला आपल्याकडचे वायरमन 'हाफ' म्हणतात. बटण बंद केलं की हाफ मरते आणि दिव्याच्या दोन्ही टोकांना जोर उरत नाही. आता समजा, बटण चुकून न्यूट्रलमध्ये बसलं. दिवा तेव्हाही बटणाबरहुकूम लागतो, बटणाबरहुकूम विझतो. फरक एवढाच की विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये फेज रात्रंदिवस उभी असते. जुन्या पिवळ्या बल्बला याचा पत्ता लागत नसे. चाळीस वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण १७० मिलिअँपिअर ओढतो. ओल्या भिंतीतून, तारेशेजारच्या तारेतून झिरपणारा प्रवाह एक मिलिअँपिअरही नसतो, त्यानं बल्बची तार कोमटसुद्धा होत नाही. एलईडीच्या पोटात मात्र वीज साठवणारं छोटं सर्किट असतं. त्याला तेवढंही पुरतं. थेंबथेंब साठवून तो मिणमिणतो. सीएफएल होते तेव्हा ते मिणमिणत नसत, दर काही सेकंदांनी डोळा मिचकावल्यासारखे लुकलुकत. अनेक घरांत लोकांनी ते भुताटकीच्या नावावर खपवलं.

म्हणजे नवा दिवा खराब नव्हता. जुना दिवा जे झाकत होता ते नव्यानं उघड केलं. दिवे बदलताना येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याचशा या जातीच्या असतात. बिघाड हातातल्या नव्या वस्तूत नसतो, तो भिंतीत असतो आणि तिथे तो कधीकाळी कुणीतरी, बहुधा त्या काळच्या चांगल्या कारणासाठी, ठेवून दिलेला असतो.

मुंबईत विजेच्या दिव्यांचा पहिला मोठा प्रयोग झाला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीनं तो केला. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर गेलं. पुढे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीनं वीज पुरवायला सुरुवात केली. हीच कंपनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेकडे आली आणि आज तिला आपण 'बेस्ट' म्हणतो. १९१५ साली खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, पण ती वीज मुख्यतः गिरण्यांसाठी होती. घरात वीज येणं ही फार काळ शहरातल्या, त्यातही ऐपतवाल्या माणसाची गोष्ट राहिली.

त्या काळचं वायरिंग ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ते आठवेल. सागवानी पट्ट्या, त्यांत दोन खाचा, वर लाकडी झाकण. किंवा लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेल्या काळ्या तारा. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकलेल्या, त्यांवर गोल ठोकळा, ठोकळ्यावर पितळी होल्डर. चिनीमातीचे फ्यूज. तारांवर रबर आणि वरून सुती वीण. हे रबर तीस-चाळीस वर्षांत बिस्किटासारखं होतं. मुंबईतल्या जुन्या चाळीत किंवा पुण्यातल्या वाड्यात होल्डर बदलायला गेलात आणि तार जराशी वाकवली की रबराचा भुगा हातात येतो, आतलं तांबं उघडं पडतं. नवा होल्डर लावून झाल्यावर पाचव्या मिनिटाला फ्यूज उडतो तो या भुग्यामुळे. जिथे दिव्याची उष्णता लागत आली तिथली तार सर्वांत आधी कुरकुरीत होते, म्हणजे नेमकी आपण हात लावतो तिथली.

त्या जुन्या पद्धतीत आणखी एक धोका होता. सुरुवातीच्या इंग्रजी पद्धतीत दोन्ही तारांना सारखाच मान असे, दोन्हींवर फ्यूज. आता न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर काय होतं? सगळं घर अंधारात जातं. माणसाला वाटतं लाईट गेली. प्रत्यक्षात प्रत्येक होल्डरमध्ये फेज तशीच उभी. म्हणून १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही गोष्ट बांधून टाकली आहे: जमिनीला जोडलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटं बटण बसवायचं नाही, तोडायचीच तर फेजबरोबर, एका दमात. पुढे २०१० साली हे नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, तरी ही अट तशीच राहिली. याच नियमावलीनं असंही सांगितलं होतं की वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं. आपल्याकडे ही अट किती पाळली गेली ते आपण जाणतोच.

मात्र नियम असूनही उलट जोडणी इतकी वर्षं का चालून गेली, याचं एक कारण मला आपल्या होल्डरमध्ये दिसतं. आपला पिनांचा बल्ब हा इंग्लंडचा वारसा. दोन्ही पिना सारख्या. फेज डावीकडे आली काय, उजवीकडे आली काय, बल्बला फरक नाही. अमेरिकेत एडिसनचा आट्यांचा बल्ब चालला. त्यात आट्यांची पितळी टोपी बाहेर असते, बल्ब फिरवताना बोट तिला लागू शकतं, त्यामुळे टोपीला न्यूट्रल आणि तळाच्या बटणाला फेज, हा भेद तिथे पहिल्यापासून काटेकोर ठेवावा लागला. आपण मात्र दोन सारख्या पिनांच्या आधारानं शंभर वर्षं निर्धास्त राहिलो. पुढे बाजारात आट्यांचे शोभेचे दिवे आले, झुंबरं आली, आणि ती त्याच जुन्या, बेफिकिरीनं जोडलेल्या तारांवर लटकली. टोपीलाच फेज आली तर बल्ब बदलणारा माणूस कशाला हात लावतो आहे याचा विचार करा. त्यातून या नव्या फिटिंगची अंगं धातूची. त्यांतून एक हिरवी-पिवळी तार बाहेर येते, अर्थिंगची. छतातून अर्थिंगची तार आलेलीच नसते, कारण लाकडी ठोकळा आणि बेकलाइटचा होल्डर बसवणाऱ्यानं ती ओढलीच नव्हती. त्याला गरज नव्हती. मग बसवणारा ती हिरवी-पिवळी तार कात्रीनं कापून टाकतो. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मोजणं सोडलं.

साठ-सत्तरच्या दशकांत आणखी एक गोष्ट झाली. तांबं परदेशातून आणावं लागे आणि परकीय चलनाची चणचण होती. ॲल्युमिनियम देशात होत होतं. त्यामुळे घरांच्या वायरिंगमध्येसुद्धा मोठ्या प्रमाणावर ॲल्युमिनियमची तार आली. त्या काळी हाउसिंग सोसायट्या, सरकारी वसाहती, शाळा भराभर बांधल्या जात होत्या; त्यांच्या भिंतींत ही तार गेली. देशाच्या हिशेबानं ते बरोबर होतं. दिवा बदलणाऱ्याच्या हिशेबानं ती डोकेदुखी ठरली. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो. हवा लागली की त्यावर एक कठीण साय धरते, ती वीज नीट जाऊ देत नाही. सैल सांधा तापतो, तापून आणखी सैल होतो. दिवा अधूनमधून लुकलुकतो, होल्डरजवळ करपल्याचा वास येतो. आणि दोनतीनदा वाकवली की ही तार मोडते. माझ्या लहानपणी आमच्याकडे येणारे वायरमन जुनं फिटिंग उतरवताना तारेशी जवळजवळ बोलत असत. भिंतीतून जेमतेम इंचभर टोक बाहेर असायचं. ते मोडलं तर पुढचं काम म्हणजे प्लास्टर फोडणं. नव्या फिटिंगची शेपटी तांब्याची असते. ती ॲल्युमिनियमला नुसती पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळून जोडली तर ओलाव्यात तो सांधा आतल्या आत कुजतो. असा सांधा पिळून करायचाच नाही, स्क्रूच्या कनेक्टरमध्ये करायचा, तोही या कामासाठी बनवलेल्या. कोकणात आणि जव्हारसारख्या पावसाच्या गावात तर हे दुप्पट लागू.

आता रंगांकडे येतो. आपल्याकडची शिकवण अशी की लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. काही वर्षांपूर्वी माझा भाचा न्यू जर्सीत घर घेऊन राहायला गेला. स्वयंपाकघरातला दिवा बदलताना त्यानं मला फोन केला. "मामा, एक काळी आहे, एक पांढरी, एक उघडी तांब्याची. काळी न्यूट्रलच ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. अमेरिकेत काळी म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल. माझ्या सवयीनं दिलेलं उत्तर त्याला महागात पडलं असतं. मी त्याला मेन बंद करून तिथल्या इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही ते त्यानं मला सांगितलं नाही. इंग्लंडनं तर आपला लाल-काळा वारसा स्वतःच सोडला. २००४ पासून तिथे नव्या कामात तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल आली, २००६ पासून ती सक्तीची झाली. तेच रंग आता आपल्या दुकानातल्या नव्या फिटिंगच्या शेपट्यांना असतात. म्हणजे भिंतीतून लाल-काळी बाहेर येते आणि फिटिंगला तपकिरी-निळी. तपकिरी लालला, निळी काळ्याला. पण ज्या घरात थ्री-फेज मीटर आहे तिथे लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असतात! भिंतीतली निळी आणि फिटिंगची निळी यांचं नातं रंगावरून जुळवायला गेलं की घात. शिवाय आपला वायरमन त्या दिवशी पिशवीत जो गुंडाळा उरला असेल तो वापरतो, हेही लक्षात ठेवायला हवं. रंग हा फार तर साक्षीदार आहे, आणि साक्षीदार फुटतात.

म्हणून टेस्टर. तोही आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून पाहायचा, मग हव्या त्या तारेवर, मग परत चालू पॉइंटवर. बिघडलेला टेस्टर आणि मेलेली तार सारखीच दिसते. दोन्ही तारांवर टेस्टर पेटला आणि दिवा मात्र लागेना, तर न्यूट्रल कुठेतरी तुटली आहे. फेज दुसऱ्या एखाद्या चालू दिव्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर आलेली असते. अशी न्यूट्रल डीपीपाशी सुटली तर प्रकरण एका घरापुरतं राहत नाही. काही घरांत दिवे मंद होतात, काही घरांत भगभगून जळतात.

सोसायट्यांतल्या घरांत हमखास येणारी तक्रार दुसरीच असते: बेडरूमचा दिवा बदलला आणि संडासाचा बंद पडला. याला जादू नको. वायर वाचवण्यासाठी न्यूट्रल एका दिव्यावरून पुढच्या दिव्यावर नेलेली असते. जुनं फिटिंग काढताना एका स्क्रूखालून दोन काळ्या तारा निघतात, नव्याच्या शेपटीला त्यातली एकच जोडली जाते, दुसरी छतात लोंबकळत राहते आणि तिच्यापुढचं सगळं मरतं. उतरवण्याआधी तारांना दोरे बांधून ठेवायचे, किंवा आता मोबाइल आहे, फोटो काढून ठेवायचा. जिन्यातल्या दिव्याचं, ज्याला वर-खाली दोन बटणं असतात त्याचं, वेगळं. तिथे तारा बटणामागे बदलायला जाऊच नका. त्या टू-वेच्या जोडणीत एक तार इकडची तिकडे झाली की दिवा एकाच बटणावर अडून बसतो आणि मग घरातल्या घरात भांडणं लागतात.

भारनियमनाच्या वर्षांनी आणखी एक थर चढवला. दोन हजार पाचनंतरची ती काही वर्षं आठवा. गावोगाव तासन्‌तास वीज नसे. ज्याला परवडलं त्यानं इन्व्हर्टर घेतला. इन्व्हर्टरची फेज निवडक दिव्यांना आणि पंख्यांना जोडलेली असते. पुढे भारनियमन गेलं, इन्व्हर्टर माळ्यावर किंवा कोपऱ्यात तसाच चालू राहिला. आता दिवा बदलताना शहाणा माणूस मेन स्विच पाडतो आणि निर्धास्त होतो. त्या क्षणी इन्व्हर्टरला वाटतं की लाईट गेली, आणि तो इमानदारीनं त्याच तारेत २३० व्होल्ट सोडतो.

हे सगळं झालं ज्यांच्या घरात वीज पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांचं. वांगणीकडे येताना गोष्ट बदलते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि विजेचे खांब शहराबाहेर, गावांकडे निघाले. पण 'गावात वीज आली' याचा सरकारी अर्थ काय होता ते ऐकण्यासारखं आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत. शिवारात एक पंप चालला तरी पुरे. १९९७ नंतर ती वीज वस्तीत असायला हवी, एवढी दुरुस्ती झाली. २००४ साली व्याख्या कडक झाली: डीपी आणि लाईन वस्तीपर्यंत हवी, शाळा-दवाखान्यासारख्या जागी वीज हवी, आणि निदान दहा टक्के घरांत ती असावी. दहा टक्के! जव्हार-मोखाड्यात एक महसुली गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले अनेक पाडे. कागदावर गाव उजळायचं आणि पाडे रॉकेलच्या चिमणीवर. पुढे २०१८ च्या एप्रिलमध्ये देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याची घोषणा झाली, ती या गावांच्या हिशेबानं. घरांच्या हिशेबाची योजना, 'सौभाग्य', तिच्या सातच महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झाली होती.

गरिबाच्या घरात वीज आली ती 'एक पॉइंट' म्हणून. १९८८-८९ पासूनची कुटीर ज्योती योजना एका दिव्याची. २००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना फुकट जोडणी मिळाली. 'सौभाग्य'मध्येही गरीब घराला मीटर, एका पॉइंटचं वायरिंग आणि एलईडी दिवा. यात टिंगल करण्यासारखं काही नाही. ज्या घरात चिमणीच्या धुरात पोरं अभ्यास करत होती तिथे एक दिवासुद्धा फार मोठा होता. पण घर एका दिव्यावर थांबत नाही. आतल्या खोलीत दिवा हवा, मोबाइल चार्ज करायला सॉकेट हवं, मग पंखा, मग टीव्ही. सरकारनं दिलेला पॉइंट एक. पुढचे सगळे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, शहरात बांधकामावर काम करून चार गोष्टी पाहून आलेल्या पोरांनी ओढलेले. मेढीवर खिळे ठोकून, पातळ वायर कुडातून आरपार काढून. परवानाधारक वायरमन जव्हारहून यायचा तर त्याच्या येण्याजाण्याचाच खर्च कामाइतका. त्यामुळे झटका खाल्लेल्या त्या नातवाला जेव्हा मी सांगितलं की होल्डरमध्ये फेज उभी आहे, तेव्हा तो चिडून म्हणाला, "म्हणजे पहिल्यापासूनच उलटं करून ठेवलंय. फुकटचं काम तसंच असणार."

मलाही तसंच वाटलं होतं. मग आम्ही रीतसर पाहायला लागलो. बल्ब काढला, बटण बंद ठेवलं आणि होल्डरच्या पिनांना टेस्टर लावला. एक पिन पेटली. बटण फेजमध्ये असतं तर एकही पेटायला नको होती. आतल्या खोलीत तेच. स्वयंपाकाच्या जागी तेच. चारही पॉइंट उलटे. तिथे मी थबकलो. एखादा पॉइंट उलटा असेल तर तो जोडणाऱ्याची चूक. चारही, तेही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हातांनी ओढलेले, सगळेच उलटे कसे असतील? योजनेतला मूळ बोर्ड उघडला. आत लाल तार बटणात आणि काळी सरळ दिव्याकडे गेलेली, अगदी पुस्तकात असते तशी. स्क्रू घट्ट, तारेचं टोक नीट दुमडलेलं. ज्यानं कुणी तो बोर्ड बसवला होता त्याचं काम आजही दाखवण्यासारखं होतं. फक्त त्या लाल तारेवर टेस्टर पेटत नव्हता आणि काळ्या तारेवर पेटत होता.

म्हणजे घोटाळा मीटरच्या आधीच होता. आजीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. मागच्या वळवाच्या वादळात झाडाची फांदी पडून खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तुटली होती. तीनचार दिवस अंधार. शेवटी पाड्यावरच्याच कुणीतरी, लाईन बंद असताना, ती परत बांधून दिली. त्या वायरीतल्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या होत्या. कुठली कुठे, हे पाहायला टेस्टर लागतो आणि टेस्टरला वीज लागते. त्यानं बांधलं, लाईन आल्यावर दिवे लागले, सगळ्यांनी त्याचे आभार मानले. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक बटण न्यूट्रलमध्ये गेलं, आणि मीटरजवळचा फ्यूजही. पिवळे बल्ब होते तोवर कुणाला कळलं नाही.

मीटरच्या आधीच्या तारेला हात लावायचा अधिकार आपला नाही, माझाही नव्हता. तोवर मेन बंद. दोन्ही तारा एकदम तोडणारा मेन होता हे नशीब. त्या रात्री घरात परत चिमणी लागली. दुसऱ्या दिवशी नातू जव्हारला जाऊन आला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी लाईनमन आला. खांबावर चढून दोन तारांची अदलाबदल, एवढंच काम. खाली उतरून त्यानं चहा घेतला आणि सांगितलं की आणखी तीन घरांत असंच असेल, वादळात त्यांच्याही तारा तुटल्या होत्या. त्याच्यामागोमाग टेस्टर घेऊन नातू त्या घरांकडे गेला.

संध्याकाळी आम्ही एकेक बटण बंद करून पाहिलं. दाराजवळचा दिवा विझला. आतला विझला. स्वयंपाकाचा विझला. चौथा, आजीच्या खाटेजवळचा, अजून बारीक मिणमिणत होता. नातवानं माझ्याकडे पाहिलं. बटण पाहिलं तर त्यात छोटा लाल इंडिकेटर होता, अंधारात सापडावं म्हणून नव्यानं बसवलेलं बटण. इंडिकेटरचा बारीक प्रवाह दिव्यातूनच जातो, तेवढ्यावर एलईडी मिणमिणतो. यात चूक कुणाची नाही, धोका नाही. इंडिकेटर काढला की थांबेल. नातू स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला उठला, या वेळी आधी मेनकडे. आजी म्हणाली, "तो राहू दे रे. रात्री उठायला बरा पडतो."

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)